जोडपं घेता, तर कागदही करा: आश्रमांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
संसारी कुटुंबांना कायमचं राहायला बोलावणाऱ्या सर्व आश्रमांचे, धामांचे आणि संप्रदायांचे विश्वस्त,

सप्रेम नमस्कार.

माझी भाची आणि तिचा नवरा येत्या चैत्रात पुण्यातलं बिऱ्हाड मोडून मायापूरला कायमचे राहायला निघाले आहेत. दोघं हिंजवडीत नोकरीला. तिने राजीनामा दिलाय, त्याचा नोटीस पीरियड चालू आहे, आणि वाकडचा टू-बीएचके विकायला काढलाय. पदरात दोन वर्षांची मुलगी. मायापूर म्हणजे पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं, गंगा आणि जलंगीच्या संगमावरचं गाव. पैलतीरावर नवद्वीप. १४८६ साली जन्मलेल्या चैतन्य महाप्रभूंची, म्हणजे बंगालच्या थोर कृष्णभक्त संतांची ही भूमी, आणि आज 'हरे कृष्ण'वाल्या इस्कॉन संस्थेचं जागतिक मुख्यालय. साताऱ्याहून पोचायचं तर पुणे, कोलकाता आणि पुढे आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर उत्तरेला.

आधीच सांगते, मायापूरच्या लोकांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पुण्यात भाचीकडे येणारी त्यांची मंडळी मी पाहिली आहेत. गोड बोलतात, वेळ पाळतात, भांडी स्वतः घासतात. मला जे म्हणायचंय ते एका संस्थेला नाही, तुम्हा सगळ्यांनाच म्हणायचंय. उत्तरेत, दक्षिणेत, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा आता अशी ठिकाणं आहेत जिथे ब्रह्मचारी आणि संन्यासीच नव्हे, तर अख्खी कुटुंबं जाऊन राहतात. एकट्या साधकाला घेणं वेगळं आणि घर घेणं वेगळं. मी जन्मभर बँकेत काढला, कर्ज विभागात. माणूस सही करताना काय विसरतो, हे पाहण्यातच नोकरी गेली. म्हणून लिहिते आहे.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्याकडे येणारी मुलं मागे काय ठेवून येतात ते कळेल. माझा भाऊ माळकरी. वारी चुकवत नाही. त्याने पहिला प्रश्न केला, "आपला विठोबा कमी पडला का तुला?" पोरगी तयारीची. म्हणाली, "बाबा, महाप्रभू स्वतः पंढरपूरला आले होते. त्यांचे थोरले बंधू विश्वरूप संन्यास घेऊन निघाले ते पंढरपुरातच समाधिस्थ झाले, चैतन्यचरितामृतात लिहिलंय." भाऊ गप्प. मग त्याने तुकोबांच्या गुरुपरंपरेतले राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी काढले, तिने त्यावर आणखी काही काढलं, आणि दोघं रात्री उशिरापर्यंत अभंगांवरून वाद घालत बसले. मला वाटलं चला, निदान बोलताहेत. वहिनी मात्र स्वयंपाकघरात रडत होती. तिचं दुःख तत्त्वज्ञानाचं नव्हतंच. लेकीने कांदा-लसूण सोडला, चहा सोडला, आता घर सोडणार. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी" म्हणणाऱ्या सावतोबांच्या मुलखातली मुलगी कांदा खात नाही, याचं वहिनीला काय वाटत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

हीच दोघं न्यू जर्सीला निघाली असती तर आम्ही पेढे वाटले असते, हेही मला दिसतं. मुलं दूर जाण्याची आम्हाला सवय आहे. पगारासाठी गेलेली चालतात, देवासाठी गेलेली चालत नाहीत, हा आमचा दुटप्पीपणा आहे आणि भाचीने तो तोंडावर सांगितला. बरोबर सांगितला. पण न्यू जर्सीला जाणाऱ्या मुलाच्या हातात एक कागद असतो. त्यात पगार असतो, सुट्ट्या असतात, आजारी पडलास तर काय ते असतं, आणि सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं तेही असतं. कंपनीला त्या मुलावर प्रेम नसतं, तरी कागद असतो. तुमचं प्रेम आहे, मग कागद का नसावा?

बँकेतली एक गोष्ट सांगते. संस्थेचं नाव सांगणार नाही, आणि जोडप्याची ओळख पटेल असं काहीही नाही. चाळिशीतले दोघं माझ्यासमोर येऊन बसले. पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं, छोटं कर्ज हवं होतं. तरुणपणी ते एका आश्रमात गेले होते आणि तिथे बरीच वर्षं राहिले. तो कोठाराचे हिशेब बघायचा, ती मुलांना शिकवायची. नंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून परत आले. फॉर्म भरायला घेतला आणि रकाने रिकामे राहायला लागले. मागच्या नोकरीचा दाखला नाही. पगाराची स्लिप नाही, कारण पगारच नव्हता. भाडेकरार नाही, लाइट बिल त्यांच्या नावाचं नाही. घर विकून आलेले पैसे संस्थेला देणगी म्हणून गेले होते, ती पावती तेवढी होती. नियमाने कर्ज बसेना. शेवटी तिच्या भावाने जामीन दिला आणि कसंबसं झालं, पण ते राहू दे. मला लागलं ते दुसरंच. मी विचारलं, तिथे इतकी वर्षं काम केलंत, तेवढं पत्र तरी आणा ना. बाई म्हणाली, "मॅडम, आम्ही निघालो तेव्हापासून तिथलं कोणी फोन उचलत नाही. आमचं पतन झालं म्हणतात."

ही बाई जेवण बनवून पोट भरत होती, म्हाताऱ्या सासूचं करत होती. तिचं पतन झालं होतं म्हणे!

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, असं सगळीकडे होत नाही. नसेलच होत. पण जिथे होतं तिथे कायदा सहसा तुमच्या बाजूने उभा राहतो, म्हणून तर जबाबदारी तुमच्याकडे जास्त येते. आपल्याकडे दिलेलं दान मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मन बदललं म्हणून परत मागता येत नाही. एकदा दिलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलं की झालं. कॅनडात हटराइट नावाचे ख्रिस्ती लोक शतकाहून जास्त काळ सामाईक मालकीच्या वसाहतींत राहतात, शेती-डुकरं-कोंबड्या सगळं एकत्र. मॅनिटोबातल्या एका वसाहतीतून हॉफर आडनावाच्या काही सदस्यांना दुसऱ्या पंथाकडे वळले म्हणून काढलं. त्यांनी आपल्या कष्टाचा वाटा मागितला. १९७० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वाटा मिळणार नाही, सगळं वसाहतीचं. बावीस वर्षांनी, १९९२ मध्ये, तशाच दुसऱ्या एका वसाहतीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एवढं मात्र म्हटलं की काढायचं असेल तर आधी नीट नोटीस द्या, माणसाला त्याची बाजू मांडू द्या. म्हणजे रिकाम्या हाताने जा, पण निदान तुझं म्हणणं ऐकून मग जा.

उलट बाजूचे निकालही आहेत. १८९० साली अलाहाबाद हायकोर्टासमोर एक यजमान आला होता, ज्याने परलोकी कल्याण व्हावं म्हणून आपली सगळी मालमत्ता गुरूच्या नावे लिहून दिली होती. कोर्टाने ते दानपत्र टिकू दिलं नाही. गुरू-शिष्याचं नातं असलं की गुरूनेच दाखवायचं की शिष्याने मोकळ्या मनाने दिलं. त्याच्या तीन वर्षं आधी लंडनमध्ये ऑलकार्ड नावाच्या बाईंचा खटला गाजला. त्या एका ख्रिस्ती भगिनीसंघात गेल्या, सगळी संपत्ती दिली, पुढे बाहेर पडल्या आणि काही वर्षांनी पैसे मागितले. त्या संघाचा एक नियम असा होता की वरिष्ठ भगिनींच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणाचाही सल्ला घ्यायचा नाही. कोर्टाने म्हटलं, अशा परिस्थितीत दिलेलं दान रद्द होऊ शकलं असतं, पण तुम्ही मागायला फार उशीर केलात. बाईंना काही मिळालं नाही. मला या सगळ्यात तो सल्ल्याचा नियम सगळ्यांत भयंकर वाटतो. कारण तो कुठे छापलेला नसला तरी पाळला जातो. "बाहेरच्यांना यातलं काय कळणार?" हे वाक्य मी भाचीच्या तोंडून दोनदा ऐकलंय, आणि ते तिचं स्वतःचं नाही.

आता आपल्या घरचं बोलू. आळंदीच्या विठ्ठलपंतांची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको, पण तुमच्यातल्या कित्येकांना ती नव्याने ऐकायला हवी. बायकोला आळंदीत ठेवून विठ्ठलपंत काशीला गेले आणि लग्न झालेलं लपवून संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू तीर्थयात्रेला निघाले आणि आळंदीत उतरले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, त्यांनी "पुत्रवती भव" म्हणून आशीर्वाद दिला. ती हसली की रडली, याबद्दल कथेकऱ्यांत एकमत नाही. कळलं एवढंच की हिचा नवरा आपल्याकडेच संन्यासी होऊन बसलाय. आणि गुरूने काय केलं? यात्रा अर्ध्यावर सोडली, काशीला परत गेला, विठ्ठलपंतांना समोर बसवून खरं काढून घेतलं आणि घरी पाठवलं. चूक शिष्याची होती, पण निस्तरायला गुरू स्वतः मागे फिरला.

पुढचं जास्त कडू आहे. परत आलेल्या जोडप्याला आळंदीने वाळीत टाकलं. संन्यासी पुन्हा संसारी झाला हा गुन्हा. चार मुलं झाली, त्यांची मुंज होईना. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. ती पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. त्यातला एक ज्ञानेश्वर होता. संन्यास देणाऱ्या गुरूवर आपल्या लोकांचा राग नाही. राग आहे तो परत आलेल्यांना दार बंद करणाऱ्यांवर. माझ्या बँकेतल्या त्या बाईचे फोन न उचलणारे आणि आळंदीचे ते ब्राह्मण यांच्यात फरक काय, हे तुम्ही मला सांगा.

आता मागणं. पहिलं आणि मोठं हे, की नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारा. आमच्याकडे सोनेतारणाला जोडपं आलं की मी नवऱ्याला खाली चहा प्यायला पाठवायचे आणि बाईला विचारायचे, दागिने तुमच्या मर्जीने ठेवताय ना? नियमात असं कुठे नव्हतं. पण दर महिन्याला एखादी तरी बाई त्या दोन मिनिटांत खरं सांगायची. तुमच्याकडे भक्तीचा जोर एकाचा असतो आणि दुसरा सोबत येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. बहुतेक वेळा येणारी ती असते, पण नेहमी नाही. आमच्या घरात उलट आहे. भाची पुढे आहे आणि जावईबापू तिच्या मागोमाग चालले आहेत. त्यांना एकट्याला कोणी विचारलंय का? मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "आत्या, तिथे नेटवर्क चांगलं आहे म्हणतात." याचा अर्थ तुम्ही लावा.

स्त्रीधनाचं वेगळं सांगते, कारण इथे घोळ होतो. लग्नात बाईला मिळालेलं सोनं तिचं एकटीचं असतं, नवरासुद्धा तिच्यावतीने ते ठेवणारा फक्त, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून दोघांच्या नावाने एकत्र पावती फाडून तिच्या पाटल्या घेऊ नका. ती द्यायची असेल तर देईल, तिच्या सहीने, तिच्या नावाच्या पावतीवर. आणि पहिल्या वर्षी कोणाचंच घर घेऊ नका. भाड्याने देऊन या म्हणा. वर्षभर राहा, बंगालचा पावसाळा बघा, मंगल आरतीला पहाटे साडेचारला उठून बघा, मग ठरवा. तुमच्याकडे येणाऱ्या देणग्यांत एखादं वर्ष उशीर झाला तर मंदिराचं बांधकाम थांबणार नाही.

सेवा करतात त्यांचा काहीतरी हिशेब ठेवा. पगार देऊ नका, ठीक आहे, ती तुमची रीत. पण किती वर्षं कोणतं काम केलं याचं पत्र द्यायला काय जातं? कोठार सांभाळणारा माणूस बाहेर आला तर दुकान सांभाळू शकेल, निदान ते तरी कागदावर येऊ द्या. आरोग्य विम्याचं तर आजच बघा. नोकरी सुटली की कंपनीची पॉलिसी संपते, आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. पीएफची पेन्शन दहा वर्षांच्या सेवेशिवाय मिळत नाही. भाचीची आठ झाली आहेत. हे सगळं तुमच्या स्वागतकक्षात कोणी सांगतं का, की तिथे फक्त प्रसाद मिळतो?

मुलांबद्दल जरा जपून लिहिते. १९७० आणि ८०च्या दशकांत इस्कॉनच्या निवासी शाळांमध्ये मुलांवर अत्याचार झाले. हे बाहेरच्या कोणी टीकाकाराने रचलेलं नाही. १९९८ मध्ये संस्थेच्या स्वतःच्या नियतकालिकात ते छापून आलं, आणि त्याच सुमारास बालसंरक्षणासाठी वेगळं कार्यालय निघालं. कबूल केलं, हे मला मोठं वाटतं. आपल्याकडच्या किती मठांनी असं काही कबूल केलंय? म्हणूनच इतर सगळ्यांना विचारते, तुमच्याकडे असं कार्यालय आहे का, त्याचा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर आहे का, आणि तो उचलणारा माणूस संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा शिष्य तर नाही ना? दोन वर्षांच्या मुलीने तुमची श्रद्धा निवडलेली नाही. ती मोठी होऊन उद्या म्हणाली की मला साताऱ्याला आजीकडे राहून कॉलेज करायचंय, तर तिला जाऊ देणार ना? तिचं जे शिक्षण होईल ते बाहेरच्या बोर्डाला चालेल असं असेल ना?

मला ठाऊक आहे, यावर तुमचं उत्तर काय येईल. समर्पणाला अटी नसतात. बाई, तुम्ही बँकेच्या नजरेने भक्तीकडे बघताय. बघते खरी. पण तुम्हीही बघताच की. संस्थेची नोंदणी आहे, दरवर्षी ऑडिट होतं, करसवलतीची (८०जी) पावती दोन हजारांवर रोख चालत नाही म्हणून तुमचा माणूस चेक मागतो. देणगीत आलेल्या जमिनीच्या उताऱ्यावर संस्थेचं नाव लागेपर्यंत तुम्ही तलाठ्याकडे खेपा घालता. तिथे कोणी श्रद्धेवर भागवत नाही, आणि भागवूही नये. मग भक्त म्हणून आलेल्या दोन माणसांच्या बाबतीतच सगळं तोंडी का?

आणि परतीची सोय ठेवली म्हणजे श्रद्धा उणी पडते असंही नाही. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी मालवाहू जहाजातून अमेरिकेला गेले. सिंधिया कंपनीच्या सुमती मोरारजींनी त्यांना तिकीट फुकट दिलं, ते जाण्या-येण्याचं होतं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी इस्कॉन स्थापलं. खिशात परतीचं तिकीट होतं म्हणून त्यांचं काही अडलं नाही. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या बाजूने हसली. तिला ते माहीत होतं, फक्त या अंगाने पाहिलेलं नव्हतं.

तर ते दोघं जाणार, हे आता पक्कं आहे आणि मी अडवणार नाही. भाऊसुद्धा आता स्टेशनवर सोडायला जाईन म्हणतोय. कोणतीही संस्था माझ्या मागण्यांवर लेखी उत्तर देणार असेल, "नाही" असं असलं तरी, तर ते मला हवं आहे, आणि ते मी आमच्यासारख्या बाकीच्या घरांपर्यंत पोचवीन. पाडव्याच्या आत आलं तर फार बरं, कारण फ्लॅटचा सौदा त्यानंतर होणार आहे. हे पत्र पाठवण्याआधी भाचीला वाचायला दिलं होतं. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली. एक काढलं. नेटवर्कचं ठेवलंय.

आपली नम्र,
एक आत्या, निवृत्त बँक अधिकारी
सातारा